ऑफिसच्या जिन्यात धूर, केबिनमध्ये धूर – तक्रार करायची तरी कोणाकडे?

रानजाई:

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

पुण्यात एका जुन्या कमर्शियल बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे, सर धरून अकरा माणसं. मला लहानपणापासून दमा आहे, पंप पर्समध्ये असतोच, पण मागची सात-आठ वर्षं तो फक्त पावसाळा सुरू होताना आणि दिवाळीत लागायचा. या नोकरीला चौदा महिने झाले आणि आता आठवड्यातून तीन-चारदा पंप काढावा लागतोय.

लिफ्ट अर्धा वेळ बंद असते म्हणून सगळे जिन्यानंच ये-जा करतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना जिथे वळतो तिथे बिल्डिंगमधल्या सगळ्या ऑफिसांची मुलं सिगारेट ओढायला जमतात. तिथली खिडकी वीतभरच उघडते, पुढे गंजून अडकलीये. कट्ट्यावर पाण्याची प्लास्टिकची बाटली वरून कापून ठेवलीये, तिच्यात तपकिरी पाणी आणि त्यावर फुगलेली थोटकं, बाटली भरली की कोणीतरी खिडकीतून खाली ओततं आणि परत तिथेच ठेवतं. मी रोज सकाळी दुसऱ्या मजल्यावर ओढणी नाकाला लावते, श्वास धरते आणि तेवढा टप्पा पार करते. संध्याकाळी उतरताना पण तेच.

हे झालं जिन्याचं. खरी अडचण सर आहेत. माणूस मनापासून चांगला आहे, बाबांचं ऑपरेशन होतं तेव्हा मी न मागता सुट्टी दिली आणि उचलही दिली, त्यामुळे बोलायला जास्तच जड जातं. पण चार वाजले की केबिनमध्ये त्यांची सिगारेट पेटते आणि ऑफिस सुटेपर्यंत तीन-चार होतात. केबिनचं पार्टिशन खाली प्लाय वर काच असं आहे पण ते छताला टेकत नाही, वर हातभर जागा मोकळी आहे, आणि एसी दोन्हीकडे मिळून एकच. धूर आधी वर जातो, मग त्या फटीतून आमच्याकडे येतो आणि एसी तो सगळीकडे फिरवतो. माझं टेबल पार्टिशनला लागून. घरी गेल्यावर आई दारातच म्हणते, आधी केस धू.

तळमजल्यावर लिफ्टशेजारी बोर्ड आहे बरं का. पांढरा, लाल गोल, 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा अपराध आहे'. त्याखाली 'तक्रारीसाठी संपर्क' असं लिहून पुढे रेघ मारलीये आणि ती रेघ कोरी आहे. वॉचमनकाकांना विचारलं तर म्हणाले, मी आलो तेव्हापासून कोरीच आहे.

तर मला एवढंच विचारायचंय की जिना आणि साहेबाची स्वतःची केबिन हे कायद्यानं सार्वजनिक ठिकाण धरतात का, आणि तक्रार करायची तर नक्की कोणाकडे. नोकरी सोडणं हा उपाय कृपया सुचवू नका, घर माझ्या पगारावर चालतं.

——

सातारकर:

ताई, पहिलं म्हणजे तुम्ही काही जास्तीचं मागत नाहीये हे डोक्यात पक्कं बसवा. हा तुमचा नाजूकपणा नाही, कायदा आहे आणि तो तुमच्या बाजूनं आहे.

कायदा २००३ चा, तंबाखू नियंत्रणाचा, सगळे त्याला कोटपा म्हणतात. त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. मूळ कायद्यात हॉस्पिटल, कोर्ट, वाचनालय, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे अशी नावं होती, त्यामुळे खाजगी ऑफिसवाले म्हणायचे आम्ही यात नाही. तो प्रश्न २००८ च्या नियमांनी मिटवला, अन्बुमणी रामदॉस आरोग्यमंत्री होते तेव्हा आणि २ ऑक्टोबरपासून म्हणजे गांधीजयंतीपासून ते लागू झाले. त्यात कामाची ठिकाणं, मॉल आणि थिएटर सरळ नाव घेऊन घातलीत. तेव्हा तुमचं ऑफिस आलं, आणि केबिन ऑफिसातच असते, दारावर कोणाच्या नावाची पाटी आहे त्यानं काही बदलत नाही.

आता जिना. नियमात बोर्ड कुठे लावायचे तेही लिहिलंय, प्रवेशद्वारापाशी, आणि बिल्डिंगला एकापेक्षा जास्त मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यासकट, लिफ्टच्या तोंडाशी पण. बोर्डाचं मापसुद्धा दिलंय, कमीत कमी ६० बाय ३० सेंटिमीटर. आणि तुम्ही ज्या कोऱ्या रेघेबद्दल लिहिलंय तिथे तक्रार घेणाऱ्या माणसाचं नाव ठळक दिसेल असं लिहायचं बंधन आहे. म्हणजे तुमच्या बिल्डिंगनं अर्धा नियम पाळलाय आणि कामाचा अर्धा सोडून दिलाय. मालक, मॅनेजर किंवा तिथला जो कोण प्रमुख असेल त्यानं अॅशट्रे, काडेपेटी, लायटर असलं काही ठेवायचं नाही हेही त्याच नियमात आहे, माझ्या मते ती कापलेली बाटली अॅशट्रेच झाली.

लोकांना वाटतं कायदा फक्त ओढणाऱ्यासाठी आहे, पकडला की २०० रुपये आणि विषय संपला. पण खरी जबाबदारी जागेच्या प्रमुखावर टाकलीये. तुम्ही तक्रार केलीत आणि त्यानं काहीच केलं नाही तर जेवढे गुन्हे घडले तेवढ्या पटीत दंड त्याच्यावर येतो. म्हणून तक्रार तोंडी करू नका, लेखी करा, आपली एक प्रत ठेवा, त्यावर तारीख आणि पोचल्याची सही घ्या.

सूट कोणाला आहे ते पण सांगतो कारण तुमचे सर म्हणतील मी केबिनलाच स्मोकिंग रूम करतो. वेगळी जागा ठेवायची मुभा ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त लोक बसतील असं रेस्टॉरंट आणि विमानतळ एवढ्यांनाच आहे. ऑफिसला नाही. आणि त्या जागेला पण चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि आतली हवा थेट बाहेर टाकणारी व्यवस्था लागते.

——

धूरसोड:

मी ओढणारा आहे, वीस वर्षं झाली, तेव्हा दुसऱ्या बाजूनं लिहितो. राग मानू नका.

रानजाई, जिन्यात उभी राहणारी पोरं तुमचं वाईट व्हावं म्हणून ओढत नाहीत, त्यांना उभं राहायला दुसरी जागा नाहीये. खाली उतरायचं तर तीन मजले, वर यायचं तर तीन मजले, साहेब घड्याळ बघत बसलेला. मी पण अशाच एका जिन्यात दहा वर्षं काढलीत. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलंच नाही की बाई, या धुरानं मला पंप लागतो. कोणी नुसतं नाक दाबून गेलं की आम्हाला वाटायचं नाटकं करतेय. हे आज लिहिताना वाईट वाटतंय पण वाटायचं.

नंतर आमची कंपनी हिंजवडीला गेली. तिथे बिल्डिंगमध्ये सक्त बंदी, गेटबाहेर कोपऱ्यात ओढायचं, त्यासाठी सहा मजले लिफ्टनं खाली, कार्ड लावा, चालत जा, परत या, वीस मिनिटं मोडायची. आधी दिवसाला बारा-तेरा व्हायच्या, वर्षभरात पाचवर आलो. मी काही निश्चय वगैरे केला नव्हता, फक्त प्रत्येक सिगारेटला चालायला लागायला लागलं. आज दोनवर आहे. म्हणून बंदीला माझा विरोध नाही, पण बंदी करताना ओढणाऱ्यांना जागा दाखवा, बिल्डिंगच्या मागे पार्किंगच्या टोकाला उघड्यावर, खिडक्यांपासून लांब. बोर्ड लावला आणि जागा दिली नाही तर पोरं जिन्यातून टॉयलेटमध्ये जातील, तुमचा त्रास तसाच राहील.

आणि २०० रुपयांचं म्हणाल तर आज एका पाकिटाला त्याहून जास्त जातात. २००३ साली त्याला काही किंमत होती, आता कोण घाबरतंय.

——

सातारकर:

धूरसोड, जागेचं तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि कायद्यात उघडी जागा बंदीतून वगळलेलीच आहे. फक्त रेल्वे स्टेशन, बस स्टँड, स्टेडियम, उघडं नाट्यगृह असल्या जागा उघड्या असल्या तरी बंदीत येतात. पार्किंगच्या टोकाला कोणाची हरकत नाही.

पण "कोणी सांगितलं नाही" यावर थोडं बोलतो. सांगायची जबाबदारी ज्याला त्रास होतो त्याच्यावरच का? २००१ साली २ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टानं मुरली देवरांच्या याचिकेवर आदेश दिला, आपल्या मुंबईचे माजी महापौर, तेव्हा त्यात हेच म्हटलं होतं की न ओढणाऱ्यानं दुसऱ्याच्या धुरापायी आजार का ओढवून घ्यायचा, त्याचा जगण्याचा हक्क त्यात जातो. दवाखाने, शाळा-कॉलेजं, कोर्टं, रेल्वे यांत तेव्हापासूनच बंदी आली. आपल्या शेजारच्या गोव्यानं तर त्याच्याही आधी १९९७ मध्ये धूम्रपान आणि थुंकणं दोन्हीवर स्वतःचा कायदा केला होता.

——

पूर्वाश्रमीचा कॅप्टन:

मी जास्त शिकलेला नाही पण या विषयावर मला बोलायचंय म्हणून नातवाकडून टाइप करून घेतोय.

मी पनवेल साइडला परमिट रूममध्ये अठरा वर्षं काढली, आधी टेबल पुसायला, मग वेटर, शेवटी कॅप्टन. आमचा एसी हॉल होता, चौदा टेबलं, छत हाताला लागेल एवढं खाली कारण वरती पोटमाळा करून स्टाफला झोपायला जागा केलेली. संध्याकाळी सातला दार बंद झालं की रात्री एकपर्यंत धूर बाहेर जायला वाट नाही, एक एक्झॉस्ट फॅन होता तो पण आवाज करतो म्हणून गिऱ्हाईक बंद करायला लावायचं. नऊ वाजता या टोकाच्या टेबलावरून त्या टोकाचं टेबल धुरकट दिसायचं. लाईटभोवती धूर असा थांबलेला असायचा, पंखा लावला तर नुसता फिरायचा.

कायदा आला तेव्हा शेठनं बोर्ड लावला आणि अॅशट्रे गोळा करून मागे टाकले. आठ दिवसांनी गिऱ्हाईक बोंबललं की राख कुठे टाकू. मग आम्ही कागदी ग्लासात बोटभर पाणी घालून टेबलाखाली द्यायला लागलो. चेकिंग येणार असं कळलं की ग्लास उचलायचे, तास-दोन तासांनी परत द्यायचे. ते उचलायचं काम पोऱ्यांचं, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, बीड-नांदेडकडची, रात्री काम संपलं की त्याच धुराच्या वर पोटमाळ्यावर जाऊन झोपायची. सकाळी उठून खोकायची, थुंकी काळी पडायची. त्यातल्या एकानंही आयुष्यात बिडी ओढली नव्हती.

मी एकदा शेठला म्हणालो की निदान पोटमाळा तरी सोडवा. तो म्हणाला गिऱ्हाईकाला नको म्हटलं तर ते समोरच्याकडे जाईल. मला उत्तर सुचलं नाही तेव्हा. आता सुचतं. गिऱ्हाईक दोन तास बसतं आणि घरी जातं, पोरगं बारा तास तिथंच असतं, आणि रोज असतं. गिऱ्हाईक आपल्या मर्जीनं आलेलं असतं, पोरगं पोटासाठी आलेलं असतं.

ताई, तुमच्या ऑफिसात अकरा माणसं आहेत, त्यात झाडू मारायला येणाऱ्या मावशी पण असतील, ती थोटकांची बाटली कधीतरी त्याच धुत असतील. त्यांना पण धरा बरोबर.

——

लिफीकाठची:

कॅप्टनकाका, तुमचं वाचून हात थांबला. मी डब्लिनला २००२ मध्ये आले, नर्सिंगमधली नोकरी. इथे आयर्लंडमध्ये २९ मार्च २००४ पासून सगळ्या कामाच्या ठिकाणी बंदी आली, पबसकट, आणि देशभर पबमध्ये पण बंदी करणारा हा जगातला पहिला देश. आणि ती बंदी आणताना सरकारनं मांडणी नेमकी तुमच्यासारखीच केली होती. गिऱ्हाईकाच्या तब्येतीचं नाही, पबमध्ये काम करणाऱ्याचं बोला. बारमागे उभी असलेली मुलगी ही कामगार आहे आणि तिलाही कारखान्यातल्या कामगाराइतकंच सुरक्षित ठिकाण मिळालं पाहिजे, असं.

तेव्हा मिहॉल मार्टिन आरोग्यमंत्री होते, पुढे ते पंतप्रधान झाले. पबवाल्यांनी काय आरडाओरडा केला होता, धंदा बसेल, खेड्यातले पब बंद पडतील, आयरिश माणूस पबमध्ये ओढणार नाही हे शक्यच नाही. आमच्या वॉर्डमधल्या बायकाही म्हणायच्या दोन महिने टिकेल. मी स्वतः त्या सोमवारी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर गेले होते, लोक ग्लास आत ठेवून बाहेर फुटपाथवर जाऊन ओढत होते, पाऊस पडत होता तरी. कोणी भांडलं नाही. घरी आल्यावर कोट नाकाला लावून बघितला आणि पहिल्यांदा त्याला वास नव्हता.

दंड तेव्हा ३००० युरोपर्यंत होता आणि जागा चालवणाराही त्यात जबाबदार होता, त्यामुळे पबवाला स्वतःच गिऱ्हाईकाला बाहेर काढायचा. कंपनीची गाडी, ट्रकची केबिन हेसुद्धा कामाचं ठिकाण धरलं. आणि बाहेरची जागा म्हणून नुसतं नाव देऊन चालत नाही, वर छप्पर असेल तर भिंती एकूण घेराच्या निम्म्याहून जास्त असता कामा नयेत. हे असं मोजून लिहिल्यामुळे पळवाट कमी राहिली.

रानजाई, मी हे सांगतेय ते "परदेशात बघा कसं" म्हणून नाही. इथे कायदा आला त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत हीच माणसं आतमध्ये ओढत होती. फक्त कोणाला विचारायचं हे ठरलेलं होतं.

——

निरामय:

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. रानजाई, आधी तुमच्यापुरतं. पंप आठवड्यात तीन-चारदा लागतोय म्हणजे दमा ताब्यात नाही, ऑफिसचं काय व्हायचं ते होईल पण या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा, रोज घ्यायचं औषध बहुतेक बदलावं लागेल. त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या की तंबाखूच्या धुरानं त्रास वाढतो. तो कागद तक्रारीला जोडता येईल.

दुसरं एसीबद्दल. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची हवा आत घेत नाही. त्यामुळे वास कमी झाल्यासारखा वाटला तरी धुरातले बारीक कण तिथेच असतात. खिडकी उघडून किंवा फॅन लावून खोली सुरक्षित होत नाही, आत कोणी न ओढणं हा एकच उपाय आहे.

कायद्यानं खरंच काही फरक पडतो का, तर पडतो. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ ला बंदी आली. नऊ हॉस्पिटलांमध्ये बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा महिन्यांत हार्ट अॅटॅक आणि तसल्याच हृदयाच्या त्रासानं दाखल झालेल्यांची तुलना केली, नंतरचे १७ टक्क्यांनी कमी होते. आणि जी घट झाली त्यातली ६७ टक्के न ओढणाऱ्यांमधली होती. मी तो अभ्यास वाचला तेव्हा हा आकडा परत परत बघितला होता. बंदीचा सगळ्यात मोठा फायदा ज्यांनी कधी काडी पेटवली नाही त्यांना झाला.

आपल्याकडे २०१६-१७ च्या तंबाखूविषयीच्या देशव्यापी सर्वेक्षणात बंद जागेत काम करणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी कामाच्या ठिकाणी धूर सोसावा लागतो असं सांगितलं. २००९-१० मध्येही तो आकडा जवळपास तेवढाच होता. घरातला धूर मात्र त्याच काळात ५२ वरून ३९ टक्क्यांवर आला. घरी बायका-मुलं बोलली असतील, नवरा गॅलरीत गेला असेल. ऑफिसात बोलायला कोणी नाही. आणि महाराष्ट्रात ओढणारे किती, त्याच सर्वेक्षणात शंभरात चारसुद्धा नाहीत. आपल्याकडचा मोठा प्रश्न मिश्री, गुटखा, मळलेली तंबाखू. म्हणजे तुमच्या बिल्डिंगमध्ये चार जणांसाठी उरलेले शहाण्णव जिना चढताना श्वास धरतायत असं समजा.

धूरसोड, तुम्ही बारावरून दोनवर आलात याचा मला खरोखर आनंद झाला. शेवटच्या दोन सगळ्यात चिवट असतात. पाकिटावर १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो, फुकट आहे, एकदा लावून बघा.

——

अंबडची:

मी नाशिकला एमआयडीसीत एका कंपनीत अॅडमिन बघते. आमच्या बोर्डावर त्या रेघेवर माझं नाव आहे, म्हणून लिहिते.

नाव लिहायच्या आधी सहा वर्षं आमच्याकडे पण रेघ कोरी होती. ऑडिटला आलेल्यांनी विचारलं म्हणून लिहिलं, नाहीतर कोणी लिहिलं नसतं. मला वाटलं होतं आता रोज भांडणं होणार. पहिल्या आठवड्यात एक जण आला, पॅकिंगमधला मुलगा, नवीनच, आणि खाली मान घालून म्हणाला मॅडम ते स्टोअरमध्ये ओढतात आणि तिथे थिनरचे डबे आहेत. म्हणजे त्याला धुराचा त्रास नव्हताच, आग लागेल अशी भीती वाटत होती, आणि ती भीती घेऊन तो तीन महिने काम करत होता कारण सांगायचं कोणाला ते माहीत नव्हतं. मी स्टोअरवाल्यांना बोलावलं, एकदा समजावलं, दुसऱ्यांदा मेमो दिला. खाजगी ऑफिसात अॅडमिन हेड, एचआर मॅनेजर यांना दंड घ्यायचा अधिकार नियमांच्या यादीत दिलाय पण मला आजवर एकदाही घ्यावा लागला नाही.

रानजाई, तुम्हाला एक सुचवते. तक्रारीच्या पत्रात सरांचं किंवा कोणाचंच नाव घालू नका. बिल्डिंगच्या मालकाला किंवा असोसिएशनला एवढंच लिहा की नियमाप्रमाणे प्रत्येक मजल्यावर बोर्ड लावावा, बोर्डावर तक्रार घेणाऱ्याचं नाव लिहावं, जिन्यातली बाटली काढावी आणि ओढणाऱ्यांसाठी उघड्यावर जागा ठरवावी. याला कोणी नाही म्हणू शकत नाही, कारण तुम्ही कोणाविरुद्ध काही बोललाच नाहीत. आणि एकटीची सही नको. बिल्डिंगमध्ये डॉक्टर, क्लास, पार्लर, लहान मुलं किंवा पेशंट येतात असं कोणी आहे का बघा, ते लगेच सही करतील. एवढं करून पंधरा-वीस दिवसांत काही झालं नाही तर जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्ष असतो, बहुतेक जिल्हा रुग्णालयात, तिथे त्याच पत्राची प्रत द्या.

——

रानजाई:

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाहीये. अंबडचीताई, दुसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे आणि पहिल्यावर अबॅकसचा क्लास. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कॅप्टनकाका, आमच्याकडे मावशी आहेत, त्यांना काल विचारलं, त्या म्हणाल्या बाटली मीच धुते गं, वासानं जेवण जात नाही त्या दिवशी. चौदा महिने मी रोज त्यांच्याशी बोलतेय आणि हे मला माहीत नव्हतं.

पत्र लिहून बघते.

——

पूर्वाश्रमीचा कॅप्टन:

सातारकर साहेब, एक विचारायचं होतं. आता मी गाववाल्याच्या धाब्यावर हिशोबाला बसतो. बाहेर गार्डन आहे, उघडं आहे, शेठ म्हणतो उघड्यावर चालतं. चालतं का? वेटर पोरं तिथं पण तीच.

——

सातारकर:

काका, शेठ चुकतोय. २००८ च्या नियमांत रेस्टॉरंटची व्याख्या वेगळी केलीये, खाणं-पिणं विकत मिळतं ती जागा आणि तिच्याभोवतीची उघडी जागा सुद्धा त्यातच धरलीये. बार, पब, कँटीन, बँक्वेट हॉल सगळे त्यात आले. म्हणजे धाब्याचं गार्डन उघडं असलं तरी रेस्टॉरंटच. तीस किंवा जास्त जणांची बसायची सोय असेल तर वेगळी बंदिस्त खोली करता येईल पण २०१७ पासून त्या खोलीत जेवण, दारू काहीच द्यायचं नाही, फक्त ओढायचं आणि बाहेर यायचं. म्हणजे पोरांना ट्रे घेऊन तिथे जायची वेळच येत नाही. आणि कोणी हुक्का ठेवायचं म्हणत असेल तर आधीच सांगा, मुंबईत कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जणं गेली त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्रानं हुक्का पार्लरवर वेगळी बंदी आणलीये, त्यात तुरुंगवास आहे.

——

रानजाई:

तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगायला आले.

पत्रावर अठरा सह्या झाल्या. दातांच्या डॉक्टरांनी पहिली केली, क्लासच्या बाईंनी तर पालकांच्याही घेतल्या, आणि जिन्यात ओढणाऱ्यांपैकी दोन मुलांनी केली, कारण मी त्यांना सरळ जाऊन सांगितलं की मला दमा आहे. धूरसोड, तुमचं वाचलं नसतं तर मी त्यांच्याकडे गेले नसते. एकजण म्हणाला, आधी का नाही बोललात, आम्ही तुम्हाला रोज बघतो.

बिल्डिंगच्या मालकांनी आठ दिवस काही केलं नाही, मग डॉक्टरांनी फोन केला. आता प्रत्येक मजल्यावर बोर्ड लागलाय, आणि खालच्या बोर्डावर रेघेवर वॉचमनकाकांचं नाव होतं. त्यावर मी आणि डॉक्टर परत गेलो, कारण काकांना कोण विचारणार, त्यांनी कोणाला हटकलं तर त्यांचीच नोकरी जायची. ते खोडून आता मालकांच्या मॅनेजरचं नाव आणि नंबर आलाय, मार्करनं लिहिलंय. बाटली गेली. कट्ट्यावर तिचा गोल डाग आहे अजून, मावशींनी दोनदा घासला तरी जात नाही. खिडकी तेल घालून पूर्ण उघडली. मुलं आता मागे जनरेटरपाशी जातात.

औषध बदललंय, मागच्या आठवड्यात पंप एकदाच काढला.

सरांचं सांगते. बोर्ड लागल्यावर तीन दिवस ते खाली जाऊन आले, मग पाऊस सुरू झाला आणि परत केबिनमध्ये सुरू झालंय, दोनच ओढतात पण दार लावून. त्यांना वाटतं दार लावलं म्हणजे बाहेर येत नाही. पार्टिशनच्या वरची फट त्यांच्या खुर्चीतून दिसत नाही, माझ्या खुर्चीतून दिसते. सोमवारी चार वाजता, त्यांनी पेटवायच्या आधी, मी त्यांना माझ्या टेबलापाशी बोलावणार आहे आणि माझ्या खुर्चीत बसून वर बघा म्हणणार आहे. डॉक्टरांचा कागद बरोबर ठेवलाय.